सहावा व्रण

"मरिये, मला शिवू नकोस!"

रिबूनं वाक्य म्हटलं आणि दोन्ही हात छातीशी घट्ट धरून एक पाऊल मागं सरली. चेहरा असा केला, की मरिया झालेली सलोमी दचकून खरंच जागच्या जागी थांबली.

देवळात हशा पिकला. सरोदे गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"अगं बाळा, प्रभू मेलेल्यांतून उठलाय. त्याला आता कशाची भीती? हात वर कर, आशीर्वाद देतात तसा. तू तर अशी मागं सरतेस, जशी काय ती तुला इंजेक्शन द्यायला आलीय."

"इंजेक्शन नाही गुरुजी. सुई."

"एकच की ते."

"एक नसतं," रिबू म्हणाली. पण तोवर पोरं पुन्हा खिदळायला लागली होती आणि गुरुजींनी टाळ्या वाजवून "चला, पहिल्यापासून" म्हटलं. कसली सुई, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी, तिची आई, शेवटच्या बाकावर बसले होते. मांडीवर उकळलेल्या पाण्याची बाटली, आणि नजर रिबूच्या गळ्याखालच्या खळगीवर. ती खळगी मिनिटाला किती वेळा आत-बाहेर होते, ते मोजायची मला सवय लागली होती. बी.एस्सी.ला माझं प्राणिशास्त्र होतं. बेडकाच्या हृदयाचे कप्पे मी लाल-निळ्या पेन्सिलीनं असे रंगवले होते, की मॅडमनी वही वर्गात फिरवली होती. पण डॉक्टरांनी कागदावर तसंच चित्र काढून "इथं भोक आहे" म्हणून टिंब दिलं, तेव्हा मला त्या चित्रातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

याला सहा वर्षं झाली. रिबू तेव्हा सात वर्षांची होती आणि ऑपरेशनला अकरा महिने होत आले होते. नगर जिल्ह्यातली आमची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आमच्या गावच्या देवळात पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटेच्या उपासनेत, मुलांची नाटिका व्हायची. त्या वर्षी प्रभू व्हायचा होता वडागळ्यांचा योहान. त्याला सणाच्या आठवड्यातच गालगुंड झालं. दोन्ही गाल टम्म सुजलेला प्रभू कबरेतून बाहेर कसा काढणार? गुरुजींनी देवळाच्या पायरीवर बसलेल्या रिबूकडं पाहिलं.

रिबू नेहमी पायरीवरच बसायची. बाकीची पोरं आवारात शिवाशिवी खेळायची आणि ही पायरीवरून निकाल द्यायची: कोण बाद, कुणी लबाडी केली, आता राज्य कुणावर. पळायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, कुणी उचलून घ्यायचं नाही, हा माझा नियम. बायका लाडानं जवळ ओढायला गेल्या की मी मधे हात घालायचे. "हात नका हो लावू. टाके आहेत." टाके विरघळून दहा महिने झाले होते. मी मात्र तेच म्हणत होते. पायरीवर बसून बसून रिबूला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ झाली होती, म्हणून तिला प्रभू केलं. उभं राहून दोन वाक्यं म्हणायची, त्यात पळापळ नव्हती. मी कशीबशी हो म्हटलं.

गुरुजींकडं त्या नाटिकेची जुनी वही होती, त्यांच्या वडिलांच्या हातची. पूर्वी तिच्यात थोमाचाही, प्रभू उठला हे खरं न वाटलेल्या शिष्याचाही, प्रवेश होता. लांबण लागते म्हणून गुरुजींनी तो केव्हाच गाळला होता. मरिया रडत येते, प्रभू हाक मारतो, ती धावते, तो म्हणतो शिवू नकोस, जा, माझ्या भावांना सांग. मग गायन. संपलं.

"गुरुजी, तो शब्द बदला की," पाठीमागून आवाज आला.

सुशीलाआत्या. माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. काखेत पांढरा झगा घेऊन आल्या होत्या.

"कुठला शब्द?"

"शिवू नको. माझी आई पाणवठ्यावर कळशी घेऊन लांब उभी राहायची. वरनं बायका हेच ओरडायच्या, ए, शिवू नको. तोच शब्द प्रभूच्या तोंडी? पवित्र शास्त्रात बी आता बदललाय म्हणतात."

"वहीत आहे ते आहे, आत्या. माझ्या वडिलांचं अक्षर आहे ते."

"मग तुमच्या वडिलांच्या अक्षराला हार घाला," आत्या म्हणाल्या, आणि रिबूकडं वळल्या. "ये गं, झगा बघू होतो का."

मी उठून उभी राहिले. आत्यांनी रिबूच्या डोक्यातून झगा घातला. तो मोठ्या पोरांच्या मापाचा, गळा हा रुंद. रिबूच्या खांद्यांवरून तो घसरला, आणि गळ्याखालच्या खळगीपासून सरळ खाली गेलेला तो व्रण सगळ्यांना दिसला. गुलाबी, फुगीर, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या बारीक खुणा. मुंग्यांची रांग चालावी तशा.

सलोमी म्हणाली, "आई गं!"

आत्यांनी झग्याचा गळा मुठीत गोळा केला.

"करुणा, इकडं ये. हे असं नाही चालायचं."

"का?"

"उठलेल्या प्रभूच्या अंगावर व्रण किती?"

"आत्या, पोरांसमोर..."

"किती?"

"पाच," रिबूनंच उत्तर दिलं. "दोन हातांना, दोन पायांना, एक कुशीत."

"बघ, लेकराला कळतंय. पाच. मग हा सहावा कुठला आला?" त्या माझ्याजवळ सरकल्या, आवाज खाली आणला. पण देवळात खाली आणलेला आवाजही घुमतो. "मी सांगते कुठला आला. चाळीस दिवस उपास धरला होता आम्ही बायकांनी. धीर धरा म्हणाले, लेकराला चिरू नका म्हणाले. धरला धीर? हा अविश्वासाचा व्रण आहे. तो घेऊन प्रभूच्या झग्यात उभी करतेस पोरीला?"

मला खूप काही बोलायचं होतं. निळे पडलेले ओठ, जिना चढताना मधेच उकिडवी बसणारी पोर, ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाताना तिनं मागं वळून केलेला टाटा. पण सगळे त्या व्रणाकडं बघत होते आणि मला फक्त तो झाकायचा होता.

"गळा शिवून टाकते," मी म्हणाले. "वरपर्यंत."

"शहाणी आहेस," आत्या म्हणाल्या.

रिबू आमच्या दोघींकडं बघत होती.

*

शनिवारी दुपारी मी झगा मशीनवर घेतला. रिबूचे पप्पा, शांतवन, जेवून आडवे झाले होते. ते वीज मंडळात वायरमन. सणाच्या दिवशी लाइट जायला नको म्हणून सकाळपासून खांबावर होते.

"कुणी सांगितलं गळा शिवायला?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"तुमच्या आत्यांनी."

"आणि तू ऐकलंस?"

"मग काय भांडू त्यांच्याशी? तुम्ही भांडलात कधी?"

ते उठून बसले.

"आत्याला दानिएल होता, माहितीय ना तुला?"

"लहानपणी गेला तो ना?"

"सहा वर्षांचा होता. मी त्याच्याहून थोडा मोठा. खेळता खेळता मधेच उकिडवा बसायचा तो. ओठ निळे व्हायचे. आम्ही चिडवायचो, जांभळं खाल्ली म्हणून." त्यांनी मशीनच्या चाकाकडं पाहिलं. "मिशन दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला न्या. आत्याचे यजमान, आमचे मामा, म्हणाले, प्रार्थना करू. आत्या तेव्हा पंचविशीची. कुणाला काय बोलणार?"

मशीनवरचा माझा पाय थांबला.

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"आत्यानं शपथ घातली होती सगळ्यांना. रिबूचं कळलं त्या दिवशी."

ते पुन्हा आडवे झाले. मी पट्टीचं कापड बेतलं. मग गळ्याला पट्टी लावून टीप मारायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. हात चालू असला की मन थोडं गप्प बसतं. अर्धा गळा शिवून झाला असेल, तेवढ्यात मशीनच्या टोकाला दोन छोटे पंजे दिसले.

"आई, शिवू नकोस."

"सरक, सुई लागेल."

"शिवू नकोस ना."

"रिबू, उद्या सगळं गाव असणार. लोक बघत राहतात. तुला आवडतं का?"

"लोक बघतात तेव्हा मी पण त्यांना बघते," रिबू म्हणाली. मग मशीनवर हनुवटी टेकवून, गुपित सांगावं तशी म्हणाली, "येशूनं पण नाही शिवू दिलं."

"काय नाही शिवू दिलं?"

"जखमा. मरिया पहाटे सामान घेऊन आली होती ना? तेल, औषध, कापड. तिला वाटलं, त्याला टाके घालावेत. तो म्हणाला, मला शिवू नकोस."

ती सुई! चार दिवस तालमीत छातीशी हात धरून मागं सरत होती, ती यासाठी. अगं वेडे, इथं शिवणं म्हणजे हात लावणं, माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. शिवाशिवी खेळता ना, तसलं शिवणं.

"का नाही म्हणाला तो?" मी विचारलं.

"थोमा यायचा होता ना अजून." इतकी साधी गोष्ट आईला कळू नये, असा तिचा स्वर होता. "तो आठ दिवसांनी आला. शिवून टाकलं असतं, तर त्यानं बोट कुठं घातलं असतं?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. शांतवन झोपलेत असं मला वाटत होतं, पण त्यांचे डोळे उघडे होते.

"गुरुजींनी थोमाला काढून टाकलंय," रिबू पुढं म्हणाली. "पण त्याला यायचंच असतं. त्याला खरं वाटत नसतं, म्हणून चिडलेला असतो तो."

मी तिचा गाल धरायला हात पुढं केला. तिनं मान बाजूला घेतली.

"आई, डॉक्टरकाका म्हणाले होते पळू दे म्हणून. जानेवारीत. मी तिथंच होते."

माझा हात तसाच राहिला.

जानेवारीतल्या तपासणीला मी एकटीच तिला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, भोक पूर्ण बुजलंय, पोरगी ठणठणीत आहे, पळू द्या, पडू द्या, आता जपू नका. आणि घरी येऊन मी सांगितलं होतं, अजून सहा महिने जपायला सांगितलंय.

"मी कुणालाच नाही सांगितलं," रिबू म्हणाली. "पप्पांना पण नाही."

पप्पा कॉटवर उठून बसले होते. ते मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते उठले, मशीनच्या खणातून ब्लेड काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

मी टीप उसवायला घेतली. शिवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. रिबू तुटलेले दोरे गोळा करून त्यांची गोळी वळत राहिली.

*

पहाटे देवळाच्या आवारात कंदिलांची रांग होती. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" माणसं एकमेकांना भेटत होती. मुलांना तयार करायच्या खोलीच्या दारात आत्या उभ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, हातात गायनाचं पुस्तक. रिबू झगा घालून बाहेर आली आणि त्यांची नजर सरळ गळ्यावर गेली.

"शिवलं नाहीस?"

"शिवलं होतं. उसवलं."

"करुणा!"

"ती अशीच उभी राहणार, आत्या." मी रिबूच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "सहावा म्हणालात ना तुम्ही? असू दे सहावा. त्याच्यातूनच ती माझ्याकडं परत आलीय. मी नाही झाकणार. ज्याला बघवत नाही त्यानं मान खाली घालावी, प्रार्थनेला घालतात तशी."

"कुणाशी बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय. दानिएलच्या आईशी बोलतेय."

आत्यांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. मला वाटलं, आता त्या माझ्या मुस्कटात मारतील. मारली असती तरी मी हलले नसते. त्यांनी वाकून पुस्तक उचललं, फुंकर मारून झटकलं आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. रोजच्या जागेवर, ताठ.

मी माझ्या शेवटच्या बाकावर गेले. पाण्याची बाटली घरी विसरली होती. परत जायला उठले, तर शांतवननी पदर धरून खाली बसवलं.

सलोमी रडत आली. छान रडली. कंदिलाच्या उजेडात पांढरा पडदा बाजूला झाला आणि माझी पोर बाहेर आली. झगा एका खांद्यावरून ओघळलेला, व्रण पुरता उघडा. बाकांवरून एक कुजबुज सरकत गेली. कुणीतरी "मकासऱ्यांची पोर" म्हणालं, कुणीतरी "श्श" केलं. रिबूनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

"मरिये!"

"गुरुजी!" मरियेची वहीतली हाक मारून सलोमी प्रभूकडं धावली.

"मला शिवू नकोस!" दोन्ही हात छातीशी, एक पाऊल मागं. या वेळी कुणी हसलं नाही. "जा, माझ्या भावांना सांग."

आता गायन. सरोदे गुरुजींनी पेटीवर सूर धरला. पण रिबू पडद्यामागं गेली नाही. ती वेदीच्या दोन पायऱ्या उतरली आणि पहिल्या बाकापाशी येऊन उभी राहिली. गुरुजी डोळ्यांनी, हातांनी, चष्म्यानं तिला मागं बोलावत होते.

"आत्याआजी," रिबू म्हणाली. तिच्या कोवळ्या आवाजाला देवळाची भिंत साथ देत होती. "तुम्हाला खरं वाटत नाही ना?"

तिनं झग्याचा गळा आणखी खाली ओढला.

"लावा बोट. दुखत नाही आता."

पेटीचा सूर तसाच लांबत राहिला होता. गुरुजी बोट उचलायला विसरले होते. मी उठले होते. अकरा महिने मी ज्या वाक्यानं सगळ्यांना लांब ठेवलं, ते वाक्य घशापर्यंत आलं होतं. हात नका लावू. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

आत्यांचा हात वर आला. आधी एकच बोट आलं, खळगीपाशी. ते बोट व्रणावरून सावकाश खाली गेलं, टाक्यांच्या खुणा एकेक चाचपत. मग त्यांनी सबंध तळवा तिच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"केवढं जोरात पळतंय गं हे," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "केवढं पळतंय, माझ्या बाळा."

आणि मग त्यांनीच गायन धरलं, चुकीच्या पट्टीत, गुरुजींच्या पेटीची वाट न बघता. सगळं देऊळ त्यांच्या मागं लागलं.

*

उपासना सुटली तेव्हा उजाडलं होतं. आवारात चहा आणि बनपाव चालले होते. आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्यासमोरून जाताना त्यांनी माझ्या हातात एक कप दिला आणि "साखर कमी आहे" म्हणाल्या, एवढंच. तो कप दोन्ही हातांनी धरून मी पायरीवर बसले, रिबूच्या नेहमीच्या जागेवर.

सरोदे गुरुजी आले. "काय हो, मकासरेबाई, तो थोमा वहीत नव्हता."

"पूर्वी होता ना, गुरुजी?"

"होता खरा." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी परत घालावा म्हणतो."

पोरं शिवाशिवी खेळत होती. त्यांच्या मधोमध एक पांढरा झगा भिरभिरत होता. खाली लोंबणारा घोळ दोन्ही मुठींत धरून रिबू पळत होती, जांभळीच्या बुंध्याला वळसा घालून, सायकलींच्या मधून. मी खळगीचे ठोके मोजायला लागले. नऊपर्यंत आले आणि आकडा चुकला, कारण ती सरळ माझ्या दिशेनं येत होती. अंगभर घाम, ओठ लालभडक.

"रिबू, हळू! पडशील!"

तिनं माझ्या खांद्यावर सणसणीत थाप मारली. चहा निम्मा सांडला.

"आई, राज्य तुझ्यावर!"

आणि वळून पळाली, माझ्यापासून लांब, हसत, मला मागं बोलावत.

मी कप पायरीवर ठेवला, पदर खोचला आणि धावले.